वेबसाइटचा साचा कुणाच्या ताब्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी तक्रार केली होती की संस्थांच्या वेबसाइटवर बंद पडलेले फोन नंबर वर्षानुवर्षं तसेच असतात. तक्रार रास्त आहे. पण त्यांनी सगळं खापर कारकुनांच्या आळसावर फोडलं, म्हणून हे पत्र. मी अमळनेरला आधी डीटीपी करायचो, आता वेबसाइट करतो. नंबर का बदलत नाहीत ते मी आतून पाहिलंय.

मार्चअखेरीच्या गडबडीत आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं काम आलं. काम एवढंच: शाखेचा नंबर बदलायचा. आधीच्या वेबसाइटवाल्याने दिलेला फोल्डर उघडला तर आत 63 एचटीएमएल पानं. प्रत्येक पानात वरचा पट्टा, मेनू, खालचा पत्ता पुन्हा पुन्हा आलेला. म्हणजे एकच नंबर 63 ठिकाणी. शोधून एकदम बदलू म्हटलं, तर कुठे आकड्यांमध्ये डॅश, कुठे स्पेस, दोन ठिकाणी देवनागरी आकडे. एक पान सुटलंच, आणि सुटलं ते नेमकं ठेवींच्या व्याजदराचं. आठ दिवसांनी पारोळ्याकडच्या एक आजी एसटीने शाखेत आल्या आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाल्या, "भाऊ, तुमना नंबर बंद शे." मी तिथेच बसलो होतो. कुठे तोंड लपवू असं झालं.

ती पानं कुणी हाताने लिहिलेली नव्हती. कोड सगळा एका ओळीत ठासून भरलेला. असा मजकूर गल्पसारख्या अवजारातूनच, म्हणजे साच्यावरून पानं आपोआप तयार करणाऱ्या प्रोग्राममधूनच, निघतो. माझ्यासारख्या जुन्या डीटीपीवाल्यांना कळेल असं सांगतो. पेजमेकरमध्ये मास्टर पेज असायचं. पुस्तकाचं नाव, रेघ, पानाचा आकडा तिथे एकदा टाकला की सगळ्या पानांवर आपोआप उमटायचा. गल्पच्या कामातही तेच. वरचा पट्टा एका फाइलीत, खालचा पत्ता दुसरीत, फोन नंबर डेटाच्या छोट्याशा फाइलीत, तोही एकदाच. पानाच्या फाइलीत फक्त त्या पानाचा मजकूर. हे टेम्पलेट, म्हणजे पानाचा साचा, लिहायला नन्जक्स, हँडलबार्स, पग असं काहीही चालतं. (पगच्या वाटेला मी जात नाही. त्यात ओळ किती आत सरकवली यावर सगळा अर्थ. एक स्पेस चुकली की पान कोलमडतं. शिकलो तेव्हा त्याचं नाव जेड होतं, 2016 मध्ये ट्रेडमार्कच्या भानगडीत तेही बदललं.) मग गल्पफाइलीत, म्हणजे गल्पला द्यायच्या सूचनांच्या फाइलीत, सांगून ठेवायचं: या फोल्डरातली टेम्पलेटं उचल, डेटा भर, तयार पानं ‘डिस्ट’ नावाच्या फोल्डरात टाक. एक कमांड दिली की सगळी पानं काही सेकंदांत तयार. ‘वॉच’ लावून ठेवलं तर कमांडही नको. फाइल सेव्ह केली की बांधणी आपोआप सुरू.

पतसंस्थेच्या हातात पडला होता तो नुसता ‘डिस्ट’. मूळ साचा वेबसाइट करणाऱ्याकडेच राहिला, आणि तो माणूस आता पुण्यात. फोन उचलत नाही. आमच्या छापखान्याच्या धंद्यातही हा रिवाज होता म्हणा. पत्रिका छापून द्यायच्या, कंपोज आपल्याकडे ठेवायचं, म्हणजे गिऱ्हाईक फिरून येतं. पण लग्नाची पत्रिका एकदाच लागते, व्याजदराचं पान दर वर्षी.

नुसता साचा मागून भागत नाही, हा धडा मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. 2017 मध्ये एका शाळेची साइट गल्पच्या तिसऱ्या आवृत्तीवर केली होती. पुढे एका उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होऊन माझा जुना कॉम्प्युटर जळाला. नव्या लॅपटॉपवर ताजं नोड (गल्प ज्याच्यावर चालतं तो प्रोग्राम) टाकलं, कमांड दिली, तर पडद्यावर ‘प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड’. दोन रात्री गेल्या. माझ्या फाइलीत काही चुकलंच नव्हतं. गल्प तीन ज्या एका जुन्या पॅकेजवर, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेल्या तयार कोडवर, उभं होतं, ते नोडच्या पोटातल्या गोष्टींना हात घालायचं. एप्रिल 2019 मध्ये नोड 12 आलं, त्या गोष्टी बदलल्या आणि गल्प तीन जागच्या जागी बसलं. नोड 10 परत टाकल्यावर साइट निघाली. नंतर सावकाश गल्प चारवर नेली. तिथे कामांचा क्रम ‘सीरीज’ आणि ‘पॅरलल’ अशा शब्दांत नव्याने मांडावा लागतो.

म्हणून ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, सोसायट्या यांच्या पदाधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे. वेबसाइटचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी टेम्पलेटचा मूळ फोल्डर, गल्पफाइल आणि दोन्ही पॅकेज फाइली (एक पॅकेजांच्या यादीची, दुसरी लॉक फाइल) मागा. लॉक फाइलीत कुठलं पॅकेज नेमक्या कुठल्या आवृत्तीचं, ते लिहिलेलं असतं. नोड कितवं वापरलं तेही कागदावर लिहून घ्या. ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचा, ही पॅकेजं साठवणारा अवाढव्य फोल्डर दिला नाही तर भांडू नका, तो पुन्हा उतरवता येतो. काही जण म्हणतील, आता वर्डप्रेस असताना हा खटाटोप कशाला? ज्यांना रोज बातम्या टाकायच्यात त्यांनी खुशाल वापरावं. वर्षातून दोनदा हलणाऱ्या साइटला साधी पानं पुरतात. डेटाबेस सांभाळायला नको, दर महिन्याला प्लगिन अपडेट करत बसायला नको.

पतसंस्थेची 63 पानं मी नव्याने साच्यात बसवली. तेव्हा कळलं की वरचे पट्टेच चार तऱ्हेचे होते. मधल्या काळात कुणीकुणी तयार पानांतच हाताने ठिगळं लावली होती. सगळं पेनड्राइव्हवर दिलं. मॅनेजरसाहेबांनी तो पाकिटात घातला, वर लाखेचं सील केलं आणि सोनेतारणाच्या तिजोरीत ठेवून दिला. पाकिटावर बोलपेनने लिहिलं, ‘नोड 18’.

कळावे,
आपला,
एक वाचक, अमळनेर