पित्त नव्हे, वाटणातले तीळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला उन्हाळी मसाल्यांवरचा लेख वाचला. मिरच्या कधी वाळवायच्या, खोबरं किती भाजायचं, सगळं होतं त्यात. ज्या घराने ॲलर्जीमुळे मसाल्याचाच धसका घेतलाय त्या घरासाठी मात्र एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र.

माझे यजमान साठीचे. अंगावर गांधी उठल्या की आमच्याकडे ‘पित्त उठलं’ म्हणायचं, आमसुलं भिजत घालायची, तो कोळ अंगाला चोळायचा आणि मग काय बाधलं यावर घरभर चर्चा. चार वर्षांत आधी वांगी बंद झाली, मग तूरडाळ, मग हॉटेल. वांग्याचा काडीचाही दोष नव्हता. बिचारं भरलं जातं म्हणून बदनाम झालं. खरा चोर त्याच्या पोटातल्या वाटणात होता. त्यात दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला आणि भाजलेले तीळ. संक्रांतीला तरी ओळखायला हवं होतं, पण मधुमेहामुळे ते तिळगुळाचा कण तोंडाला लावायचे इतकंच. ओठांना खाज सुटायची ती आम्ही थंडीवर ढकलली.

गेल्या वर्षी पुतणीच्या साखरपुड्यात पंगत उठायच्या आत त्यांचे ओठ सुजले. आवाज घोगरा झाला. “घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय,” म्हणाले. कुणी आमसुलं शोधायला धावलं, कुणी पर्समधली पित्ताची, म्हणजे ॲलर्जीवरची, गोळी दिली. हात धुवायला म्हणून उठले आणि तोल जाऊन खालीच बसले. पाहुण्यांत एक डॉक्टर होत्या. त्यांनी त्यांना सतरंजीवर आडवं केलं, पाय लोडावर ठेवले आणि उठू दिलं नाही. दवाखाना शेजारच्याच गल्लीत होता. तिथून ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आलं, मांडीत टोचलं आणि थोड्या वेळात आवाज मोकळा झाला. बरं वाटल्यावरही रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं, कारण काही तासांनी हीच लक्षणं दुसऱ्यांदा उसळू शकतात. गोळीबद्दल डॉक्टर जे बोलल्या ते मी विसरणार नाही. ती खाज आणि गांधी कमी करते. घशाची सूज आणि कोसळणारा रक्तदाब तिच्याने थांबत नाही. तिथे ॲड्रेनालिनच लागतं, आणि तेही लवकर.

आता कुणी म्हणेल, मसाला सगळ्यांनाच झोंबतो. झोंबतोच. मिरचीने नाक वाहणं, डोळ्यांत पाणी येणं, ठेचा केल्यावर हातांची आग होणं, छातीत जळजळणं ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी तिखटाच्या प्रमाणात येत नाही. चिमूटभरही पुरतं, आणि बहुतेकदा काही मिनिटांपासून दोनेक तासांच्या आत गांधी, ओठ-पापण्यांची सूज, उलटी, धाप, चक्कर यांपैकी काहीतरी दिसतं. एक वेगळा प्रकार माझ्या जाऊबाईंच्या हातावर आहे. लग्नसराईत त्या किलोकिलोने लसूण सोलतात, आणि त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा व पहिली दोन बोटं, तेवढीच, भेगाळतात. पाकळी त्या बोटांत धरायची आणि सुरी उजव्या हातात, म्हणून उजवा हात शाबूत. ही लसणाची त्वचेची ॲलर्जी. ती हळूहळू येते, जिवावर बेतत नाही, पण साबण बदलून जात नाही. लसूण हाताळणंच टाळावं लागतं.

तपासणीत आम्ही आधी पैसे घालवले. एका लॅबचं ‘शंभर पदार्थांचं’ पॅकेज केलं. गहू, दूध, टोमॅटो, केळी सगळ्यांवर लाल खुणा! जगायचं कशावर? तो अहवाल पाहून ॲलर्जीच्या डॉक्टर हसल्या. ती रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडाची तपासणी होती. आपण तो पदार्थ खातो एवढंच तिच्यावरून कळतं. कामाची ती आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाची तपासणी किंवा त्वचेवर टोचून केलेली, आणि तीही काय खाल्ल्यावर किती वेळात काय झालं या हकिगतीशी जुळली तर. आठवडाभर आधी पित्ताची गोळी बंद ठेवली. मी आमच्या मसाल्याच्या डब्यातल्या एकेका जिन्नसाच्या पुड्या बांधून नेल्या: धने, जिरं, खसखस, खोबरं, दगडफूल, शेंगदाणे, तीळ. पंधरा-वीस मिनिटांत तिळाच्या जागी चांगली मोठी गांधी उठली. बाकीच्या जागा कोऱ्या. चार वर्षांनी वांगी निर्दोष सुटली. ही चाचणी कुणी घरी करून बघू नये. ती दवाखान्यात, इंजेक्शन हाताशी ठेवूनच करतात.

निदान झालं तरी स्वयंपाकघर एका दिवसात बदलत नाही. मिक्सरचं भांडं स्वच्छ घासलं तरी झाकणाच्या रबरी रिंगखाली जुनं वाटण अडकलेलं असतं. मी ती रिंग पिनेने काढली तेव्हा आत काळपट थर निघाला. आता भांडं वेगळं आणि पाटा बंद. डंकावर मसाला कुटून आणणंही सोडलं, कारण आपल्या आधीच्या बाईने तिळाची चटणी कुटली असेल तर? लग्नकार्यात आणखीच पंचाईत. एका आचाऱ्याला विचारलं, “भाजीत तीळ घातलेत का?” तो म्हणाला, “छे वहिनी, नुसता मसाला आहे.” मसाल्यात काय, असं विचारल्यावर त्याने बोटांवर मोजत जी यादी सांगितली तिच्यात तीळ तिसरे होते. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी मसाला हा एकच पदार्थ. तेव्हापासून मी ‘वाटणात काय काय वाटलंय ते सांगा’ असंच विचारते.

आम्ही ॲड्रेनालिनचं ॲम्प्युल (काचेची कुपी) आणि सिरिंज बाळगतो. परदेशात मिळतं तसं तयार पेन आपल्या औषधांच्या दुकानांत सहज मिळत नाही. डॉक्टरांनी मला मात्रा चिठ्ठीवर लिहून दिली आणि मोसंबीवर टोचायचा सराव करून घेतला. आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, मगच १०८ ला फोन.

राहता राहिलं पाकीट. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलच्या नियमांत ॲलर्जीचे म्हणून आठ गट वेगळे जाहीर करायचे आहेत: ग्लूटेनची धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचं सल्फाईट (पदार्थ टिकवायला घालतात ते). तीळ नाहीत. मोहरीही नाही. घराघरांत मोहरीची फोडणी आणि संक्रांतीला तीळ असणाऱ्या देशात! युरोपच्या चौदा पदार्थांच्या यादीत दोन्ही आहेत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तीळ यादीत घातले. माझ्या भाचीने लंडनहून आपल्याकडच्याच एका लोणच्याच्या बाटलीचा फोटो पाठवला, त्यावर ‘मोहरी’ ठळक अक्षरांत. इथल्या बऱ्याच पाकिटांवर मात्र घटकांच्या जागी नुसतं ‘मसाले’ लिहिलेलं असतं. बांधानी, म्हणजे मिश्रण करून केलेल्या, हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं, हे तरी गव्हाची ॲलर्जी असलेल्या किती जणांना ठाऊक असेल?

प्राधिकरणाने तीळ आणि मोहरी त्या यादीत घ्यावेत, ही मागणी आपल्या पत्रामार्फत करते. आमच्याकडच्या बचत गटांच्या ताया फार छान मसाले करतात. त्यांनीही पिशवीवर सगळे जिन्नस मराठीत लिहावेत. त्याला एका चिकटपट्टीपलीकडे खर्च नाही.

आणि आपल्यालाही एक विनंती. पुढच्या रविवारी मसाल्याच्या भाजीची कृती छापाल तेव्हा साहित्यात ‘गोडा मसाला, अंदाजे’ लिहून सोडू नका. त्या गोड्या मसाल्यात काय काय आहे तेही छापा.

आपली,
एक वाचक (नाव छापू नये), मिरज