रोझेटोतलं पातेलं

महोदय,

शेजाराचा विषय निघाला की मला पेनसिल्व्हेनियातलं रोझेटो आठवतं. लेकीकडे गेले तेव्हा तिथे चार महिने राहिले. इटलीतल्या रोझेटो वालफोर्तोरेहून पाटीच्या दगडाच्या खाणीत राबायला आलेल्यांनी वसवलेलं हे गाव. १९१२ साली त्याचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. १९६०च्या दशकात इथे हृदयविकार इतका कमी कसा, म्हणून डॉक्टर अभ्यासाला आले. लोक तर चरबीत तळलेलं खात! त्यांनी श्रेय दिलं एकोप्याला.

मला त्यातलं काय कळतंय म्हणा. पण शेजारच्या आजी कुंपणावरून टोमॅटोच्या रश्शाचं पातेलं द्यायच्या. रिकामं परत कसं द्यायचं, म्हणून मी त्यात शंकरपाळे भरले. दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा कुंपणावर!

– एक वाचक, सातारा