नवा म्हणून विकलेला कॅमेरा वापरलेला निघाल्याबाबत तक्रार

सातारा, १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कॅमेरे व लेन्स विक्री विभाग

विषय : नवा म्हणून पाठवलेला वापरलेला डीएसएलआर परत घेऊन सीलबंद नवा कॅमेरा किंवा पूर्ण रक्कम देण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरच्या गणेशोत्सव सवलतीत मी एक डीएसएलआर कॅमेरा मागवला. तो २३ ऑगस्टला घरी आला. पानावर ‘अगदी नवा, सीलबंद, भारतातील अधिकृत वॉरंटीसह’ असं लिहिलं होतं आणि बिलावरही नव्या मालाचीच किंमत आहे. प्रत्यक्षात हा कॅमेरा आधी कुणीतरी वापरलेला आहे. हा माझा नुसता संशय नाही. पुरावे सोबत जोडले आहेत.

खोक्याच्या कडेला कंपनीचं मूळ सील कापलेलं होतं आणि त्यावरून साधी पारदर्शक टेप लावली होती. मनात पाल चुकचुकली, म्हणून पहिलाच फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलच्या रूपात काढला आणि कार्डावरची फाइल तशीच एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली. या ब्रँडचे कॅमेरे प्रत्येक फाइलमध्ये शटर, म्हणजे फोटो काढताना उघडणारा पडदा, एकूण किती वेळा उघडलं तो आकडा लिहून ठेवतात. माझ्या पहिल्या फोटोत तो आकडा ६,२१४ आहे. फाइलचं नाव मात्र ०००१ ने संपतं, कारण फाइलींचे क्रमांक मेनूतून पुन्हा एकपासून सुरू करता येतात. शटरचा आकडा मेनूतून बदलता येत नाही. कारखान्यात तपासणीसाठी थोडे फोटो काढत असतील हे मी मान्य करते, पण सहा हजार फोटो कोणत्याही तपासणीत निघत नाहीत.

दुसरा पुरावा वॉरंटीचा. कॅमेऱ्याच्या उत्पादक कंपनीकडे नोंदणी करायला गेले तेव्हा कळलं की हा सिरीयल क्रमांक एप्रिलमध्येच नोंदवला गेला आहे. म्हणजे माझ्या हाती येण्याआधीच वॉरंटीचे चार महिने सरले होते. एप्रिलमध्ये ज्यांनी हा कॅमेरा घेतला, त्यांनी तो आपल्याला परत केला असणार. दुसरा काय अर्थ लावायचा ते आपणच सांगावं.

तिसरी गोष्ट सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या भागाची. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून काढला की वरच्या उजव्या कोपऱ्यात आणि मध्याच्या जरा खाली करडे डाग दिसतात. हेच डाग प्रत्येक फोटोत, लेन्स बदलली तरी, त्याच जागी येतात. एफ/२.८ वर, म्हणजे छिद्र मोठं केलं की, ते विरून जातात. सेन्सरपुढच्या काचेवर धूळ किंवा तेलाचा थेंब असला की नेमकं असंच होतं, छिद्र बारीक केलं की त्याची सावली ठसठशीत पडते.

यावर आपल्या ग्राहक सेवेकडून आलेल्या उत्तरांनी मला मूळ फसवणुकीइतकंच दुखावलं.

आधी मला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितलं. मी पाठवले. त्यावर ‘या फोटोंमध्ये शटरची कोणतीही माहिती आढळली नाही’ असं उत्तर आलं आणि ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली नोंद, निघून जाते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तरच ती शाबूत राहते. कॅमेरे विकणाऱ्या कंपनीच्या माणसांना एवढं माहीत असायला हवं. माहीत असून हे उत्तर दिलं असेल, तर ते त्याहून गंभीर आहे. आता मूळ रॉ फाइल पेन ड्राइव्हवर पाठवत आहे. एडिटिंग करून एक्सपोर्ट केलेल्या जेपीजीत ही नोंद टिकेलच असं नसतं, म्हणून कृपया तीच फाइल तपासावी.

पुढे उत्तर आलं की शटर दीड लाख वेळा चालतं, त्यामुळे सहा हजार म्हणजे काहीच नाही. काहीच नसेल तर हा आकडा पानावर लिहून, वापरलेला म्हणून, कमी किमतीला विकायला काय हरकत होती? मी कदाचित तसाही घेतला असता. पण तो निर्णय माझा असायला हवा होता.

आणि डागांबद्दल सल्ला मिळाला की एडिटिंगमध्ये ते सहज काढता येतात, शिवाय एक कूपन देऊ. मी हौशी फोटोग्राफर आहे, या छंदातून मला एक रुपयाही मिळत नाही, पण कासच्या पठारावरची फुलं मी मन लावून टिपते. ‘सीतेची आसवं’ हे फूल जेमतेम सेंटीमीटरभर असतं. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब त्याहून लहान. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसमध्ये येणारा भाग अगदी पातळ असतो, म्हणून छिद्र एफ/११, एफ/१६ पर्यंत बारीक करावंच लागतं. म्हणजे डाग जिथे सर्वांत ठळक होतात, तिथेच माझं सगळं काम. बऱ्याचदा फोकस थोडाथोडा सरकवत अनेक फोटो काढून ते एकत्र जोडावे लागतात. जोडताना सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो किंचित लहानमोठा करून जुळवतं, त्यामुळे एका डागाची पूर्ण रांग चित्रावर उमटते. ती पाकळीच्या रेषांवरून गेली तर पुसताना पाकळीही पुसली जाते. एडिटिंग मी आनंदाने करते, डार्कटेबल या एडिटिंगच्या प्रोग्रॅमवर तासन्‌तास बसते, पण ते सावल्या, रंग, प्रकाश सावरण्यासाठी. आपण पाठवलेल्या मालातला दोष झाकण्यासाठी नाही.

सेन्सर फुकट साफ करून देण्याची तयारीही मला नको आहे. साफ केला म्हणून वापरलेला कॅमेरा नवा होत नाही आणि वॉरंटीचे गेलेले महिने परत येत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये जुनी, वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी असल्याचं भासवणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि एका महिन्यात तिचं निवारण करणं तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. ‘सात दिवसांची मुदत संपली’ हे आपलं शेवटचं उत्तर त्यामुळे लागूच होत नाही. शिवाय माझी पहिली तक्रार कॅमेरा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशीची, २४ ऑगस्टची आहे.

माझी मागणी अशी : त्याच मॉडेलचा, मूळ सील असलेला, सिरीयल क्रमांक आधी कुठेही न नोंदवलेला कॅमेरा मला द्यावा. तो शिल्लक नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम मी ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी. कूपन किंवा वॉलेटमधली रक्कम मी स्वीकारणार नाही. तसंच परत आलेले कॅमेरे नव्या मालात कसे मिसळले गेले याचा लेखी खुलासा हवा. माझ्यासारखंच एखाद्या मुलाने पहिल्या पगारातून कॅमेरा मागवला असेल आणि त्याला एक्झिफ म्हणजे काय हेही ठाऊक नसेल, तर त्याला हे कधीच कळणार नाही.

३० सप्टेंबरपर्यंत निर्णय कळवावा. तोपर्यंत काही झालं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही.

बिलाची प्रत, खोक्याच्या सीलचे फोटो, वॉरंटी नोंदणीचा स्क्रीनशॉट, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार आणि रॉ फाइलचा पेन ड्राइव्ह सोबत आहे. कॅमेरा बॅटरी, चार्जर आणि पट्ट्यासह मूळ खोक्यात बांधून ठेवला आहे. तो न्यायला माणूस पाठवण्याआधी फोन करावा आणि त्याने सिरीयल क्रमांक लिहिलेली पोचपावती द्यावी. पावती मिळाल्याशिवाय कॅमेरा ताब्यात देणार नाही.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व फोन ऑर्डरच्या नोंदीप्रमाणे)