आई, माळा रिकामा केलाय

सांगली, २२ जून

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तुम्ही दोघं इथे नसताना माळा मी रिकामा केला आहे. पूर्ण. हे पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं असतं तर तुला जास्त लागलं असतं. तुला न विचारता केलं, हे माझं चुकलंच. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हटल्यावर मला ते जमलं नसतं.

बाबा, हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवा. जिथे ती "बघा, मी सांगत नव्हते?" म्हणेल तिथे थांबू नका, पुढे वाचा.

गेल्या महिन्यात तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही "आई पडली" एवढंच म्हणालात आणि पुढे तुमचा आवाजच फुटेना. त्या रात्री नाशिकहून निघालेल्या गाडीत मी एकच हिशेब करत होते : माळा साडेसात फुटांवर, स्टूल अडीच फुटांचं, आणि त्यावर एकाहत्तर वर्षांची माझी आई, हातात दहा किलोचा गव्हाचा डबा. मनगटावर निभावलं. कमरेवर आलं असतं तर, हे वाक्य मी महिनाभर पुरं केलेलं नाही, इथेही करत नाही.

आई, तू सगळं वर का नेलंस ते मला माहीत नाही असं समजू नकोस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातून तुम्हाला होडीतून काढलं आणि पाणी ओसरल्यावर आपण कुलूप उघडलं, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. कोठीतल्या गव्हाला मोड आले होते. तो आंबलेला वास, आणि तू चिखलात उभी राहून म्हणालीस, "वर्षाची बेगमी गेली." रडली नाहीस. नंतर २०२१ च्या जुलैत पाणी परत घरात आलं, पण तेव्हा माळ्यावरचा दाणा न् दाणा कोरडा राहिला. म्हणजे तुझं खरंच होतं. परवा मी पितळेचा मोठा डबा घासायला घेतला, तर झाकणाच्या वळलेल्या काठात राखाडी गाळाची बारीक रेघ अजून बसलेली. एवढ्या वर्षांत इतक्या वेळा घासूनही न निघालेली. काडीने उकरून काढली. ती काढताना मला वाटलं, आपण आईची भीतीच उकरतोय. पाच मिनिटं तशीच बसून राहिले.

म्हणून पाण्याचा विचार न करता मी काही खाली आणलेलं नाही, हा विश्वास ठेव. पाण्यापासून धान्य वाचवायला ते वर चढवावं लागतं, कारण ते फार असतं. फार का असतं? घरात आजी, काका, आपण चौघं अशी सहा माणसं होती तेव्हाचं माप तू अजून दोघांना धरतेस. बाबांना साखरेमुळे दोन भाकरी, तुला दीड पोळी. आणि माळ्यावरून काय निघालं सांगू? गहू साठ किलो. तूरडाळ तीन डब्यांत, तीन वेगवेगळ्या सालांची. पोहे चार ठिकाणी. हुलगे इतके, की माडगं करून अख्ख्या गल्लीला वाढता येईल. तुला दिसत नव्हतं म्हणून तू पुन्हा आणत होतीस. यात तुझी चूक नाही. डोक्याच्या वर असलेल्या डब्यात काय आहे हे कुणाला दिसतं?

आता दोन महिन्यांचं सामान घरात ठेवायचं, पावसाळ्यात एकाच महिन्याचं. गणपती पेठ काही पळून जात नाही, आणि किराणावाला मुलाच्या हाती घरपोच पाठवतो, मी बोलून ठेवलंय. दोन महिन्यांचं दोघांचं धान्य सात डब्यांत मावलं. सातही कडीचे आहेत, दोन्ही हातांनी उचलता येतात, एकात पाच किलोच्या वर नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ३५ फुटांवर गेलं की बाबांनी मला फोन करायचा. ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका, हे तुम्हाला मी सांगायला नको, कोयना धरणातून किती पाणी सोडलं ते तुम्ही माझ्या आधी ऐकता. पण वाट ४० ची बघायची नाही. ३५ ला फोन, आणि समोरचा मुलगा येऊन सात डबे त्यांच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवेल. त्याच्याशी बोलले, त्याच्या आईशीही बोलले. डबे नेईल तो. तुम्ही दोघं उचलायचे नाहीत.

बाकीच्या धान्याचं काय केलं तेही सांगते. शेंगदाण्याची एक पिशवी सोडली तर काहीही फेकलेलं नाही, आधी ऐकून घे. चांगला गहू आणि ज्वारी ऊन दाखवून, चाळून तीन घरी दिली : मावशीकडे, काकूंकडे, आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंकडे. खपली गहू मात्र जपून ठेवलाय, खिरीपुरता. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ तर मी ओंजळीत घेऊन नुसता वास घेत बसले होते, तो कुणाला देईन? जुन्या डाळीला पोरकिडे लागले होते, ती पाखरांना टाकली. शेंगदाण्याची एक पिशवी मात्र कचऱ्यात टाकली. आई, त्यावर हिरवट बुरशी होती. तू म्हणशील भाजून कूट केलं असतं. नाही. बुरशी आलेल्या दाण्यातलं विष भाजून जात नाही. दोनशे रुपयांच्या दाण्यांपायी बाबांचं यकृत पणाला लावायचं नाही.

आणि बाबा, हे तुमच्यासाठी. ज्वारीच्या डब्यामागे कीड मारायच्या गोळ्यांची पुडी सापडली. दुकानदाराने सांगितलं म्हणून तुम्ही आणली असणार, तुमचा हेतू चांगलाच होता. पण ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. दमट हवा लागली की त्यातून विषारी वायू सुटतो. बंद गोदामांत जाणत्या माणसांनी वापरायची वस्तू ती. ज्या घरात माणसं झोपतात तिथे एक गोळीसुद्धा नको. पुडी फोडलेली नव्हती म्हणून देवाचे आभार मानले आणि जशीच्या तशी त्या दुकानात परत दिली. परत आणायच्या नाहीत. बोरिक पावडरही नाही. तूरडाळीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, तांदळात चार लवंगा. आणि उन्हातलं धान्य पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, आत वाफ धरली की कीड आलीच. हे सगळं मला आईनेच शिकवलंय. रवा आणल्या आणल्या चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग बरणीत भरायचा, एवढंच माझ्याकडचं नवीन.

आता खर्च. बाबा, तुमच्या वहीत लिहायला देते. गच्चीवर पडलेली जुनी मांडणी खाली आणली, पॉलिश पेपरने गंज काढून तिला दोन हात ऑइलपेंट दिला : २६० रुपये. एका मापाच्या बारा पारदर्शक बरण्या, ४५ प्रमाणे ५४०. सुताराने फडताळाच्या दोन फळ्या वरून काढून खाली बसवल्या, त्याची मजुरी ९००. फडताळाच्या आत एक लहान एलईडी दिवा, २२०. चिकटपट्टी आणि मार्कर ६०. एकूण १,९८०. रद्दी आणि गळके पत्र्याचे डबे विकून ४१० आले. म्हणजे खिशातून गेले १,५७०. त्या सालच्या दिवाळीसारखं मी या वेळी केलं नाही. तो महागडा डब्यांचा सेट आणला होता तेव्हा तू काही बोलली नाहीस, पण तो खोक्यातून कधी बाहेरही काढला नाहीस. मला त्या वेळी वाईट वाटलं होतं. आता कळतं, तुझे डबे हे तुझे डबे आहेत. म्हणून पितळेचे सगळे ठेवलेत. मिरजेच्या आत्याने दिलेला, कडेला पोचा आलेला तो सुद्धा.

मांडणी कशी लावलीय ते डोळ्यांपुढे आण. सगळ्यांत खाली, जमिनीपासून फूटभर वर, तेलाचा डबा आणि मीठ. त्याच्या वर, तुझ्या कमरेइतक्या उंचीला, ते सात डबे. छातीच्या उंचीला रोजचं : पोहे, रवा, साखर, गूळ, डाळी. डोळ्यांसमोरच्या फळीवर मसाले. ब्याडगीचं तिखट वेगळं, संकेश्वरीचं वेगळं, हळद, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला. त्याच्या वर काहीच नाही. वरचा खण मोकळा आहे, मोकळाच राहू दे. मोकळी जागा दिसली की तुझा हात शिवशिवतो हे मला माहीत आहे. प्रत्येक बरणीवर पांढरी पट्टी लावून मोठ्या अक्षरांत नाव आणि भरल्याची तारीख घातलीय. चष्मा नसला तरी वाचता यावं म्हणून अक्षर अंगठ्याएवढं काढलंय. नवीन सामान आलं की जुनं पुढे ओढायचं आणि नवीन मागे भरायचं. बाबा, हे काम तुमचं, दर महिन्याच्या एक तारखेला.

चहा-साखर जिथे होती तिथेच आहे, गॅसच्या उजव्या हाताला. मिसळणाचा डबा ओट्यावर. देवाच्या तेलाची बाटली कोनाड्यात. पहाटे पाचला अंधारात उठून तुझा हात जिथे जातो, तिथलं मी काही हलवलेलं नाही.

लावताना मला भडंगाचा डबा आठवत होता. मी चौथीत असताना तो खालून दुसऱ्या फळीवर असायचा. दादा म्हणायचा, वर ठेव, ही संपवते. तू म्हणायचीस, "तिचा हात पोचायला नको?" मी शाळेतून आले की तू कुठेही असलीस तरी तो डबा तिथे असायचा. मी उंच होत गेले, डबाही एकेक फळी वर सरकत गेला. तू कधी सरकवायचीस ते मला कधीच दिसलं नाही. परवा मांडणीपुढे मी गुडघे थोडे वाकवून उभी राहिले, तुझ्या उंचीची झाले, आणि हात कुठवर जातो ते बघून एकेक फळी ठरवली. सुतार म्हणाला, ताई, चार इंच वर घेतलं तर दिसायला बरं दिसेल. मी नाही म्हटलं.

स्टूल मी घेऊन जातेय. बाबा, ते तुम्ही स्वतःच्या हाताने केलंय, त्याला बाहेर कुठे देणार नाही. माझ्या बाल्कनीत त्यावर तुळस ठेवीन. पण ते या घरात नको.

आता थोडं ऐका दोघंही. प्लॅस्टर निघालं तरी डावा हात महिनाभर जपायचा. पीठ मळायला ताई येणार आहेत, मी त्यांचे वेगळे पैसे ठरवलेत, त्यावरून वाद नको. कांदे-बटाटे एका टोपलीत घालायचे नाहीत, दोन्ही लवकर खराब होतात, टोपल्या वेगळ्या ठेवल्यात. पापड-लोणचं बाबांना रोज नाही, आई, तुलाही नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि कुठलीही वस्तू सापडली नाही तर चिडायच्या आधी मला फोन कर. ऑफिसच्या वेळातही कर.

एखादा खण तुला पटला नाही तर बदल, घर तुझं आहे. फक्त खालच्या खाली बदल.

या वर्षी कैऱ्या आल्या तेव्हा तुझा हात गळ्यात होता. लोणचं राहिलं म्हणून तू दादाकडे दोनदा बोललीस, त्याने मला सांगितलं. मी नाशिकला दोन किलोचं घातलंय, तू तोंडी सांगितलेल्या मापाने. मोहरी किंचित जास्त झाली असेल, मुरल्यावर कळेल. तुम्ही परत आलात की पुढच्या रविवारी घेऊन येते. तुझी चिनी मातीची बरणी मी घासून, दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवून, मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवलीय. तोंडाला दादरा बांधलाय, तुझ्या जुन्या नऊवारीचा. भरायची तू.

तुमची,
मनू