श्रेय पलाऊचेही

खुल्या समुद्रातील जैवविविधतेचा करार १७ जानेवारी २०२६ रोजी लागू झाला. त्यावरील लेखात पलाऊचे नावही नाही, हे खटकले. प्रशांत महासागरातील जेमतेम १८ हजार वस्तीच्या या बेटदेशाने २०२४ मध्ये या कराराला सर्वांआधी मान्यता दिली. पलाऊच्या या भूमिकेची पायाभरणी जुनी आहे. मूळचे अमेरिकी वकील असलेले स्टुअर्ट बेक यांनी संयुक्त राष्ट्रांत पलाऊचे राजदूत म्हणून तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांविरुद्ध किल्ला लढवला. या जाळ्यांच्या लोखंडी फळ्या आणि रोलर तळाशी घासत जातात. एका फेरीत मोडलेले खोल पाण्यातले प्रवाळ परत वाढायला शतके लागतात. उपदेश करून पलाऊ थांबला नाही. २०२० पासून आपल्या सागरी क्षेत्राचा ८० टक्के भाग त्याने मासेमारीला बंद केला, परवाना शुल्कावर पाणी सोडून!

– एक वाचक, रत्नागिरी