घड्याळातला फरक: लॅबच्या ताईंना खुलं आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हुद्द्याने तुम्ही प्रयोगशाळा सहाय्यक. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत तुमचं नाव नाही, गुणपत्रिकेवर तुमची सही नाही. पण सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक्सच्या एम.एस्सी.त जे खरोखर हाताला लागलं, ते बरंचसं तुमच्या टेबलापाशी. हे पत्र मुद्दाम खुलं लिहितो आहोत. नव्या बॅचने पहिल्याच आठवड्यात ते वाचावं, म्हणून नुसते आभार न लिहिता कशाकशाचे आभार तेही सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या मुद्देमाल रजिस्टरपासून. वस्तूचा क्रमांक, मेक-मॉडेल-सिरीयल, कोणी कोणाला कधी दिलं, हॅश (डेटावरून काढलेला ठशासारखा आकडा, डेटा जरा बदलला तरी तो बदलतो), सही हे रकाने कुठल्याही नमुन्यात सापडतात. तुमच्या रजिस्टरात एक रकाना जास्तीचा आहे: ‘घड्याळातला फरक’. तो कोरा असेल तर तुम्ही वस्तू कपाटाबाहेर देत नाही. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो. दुसऱ्या सत्रात टाइमलाइन, म्हणजे घटनांचा वेळेनुसार क्रम, बनवायला बसलं की त्या रकान्याची किंमत कळते.

सीसीटीव्हीचं फुटेज साठवणारा डीव्हीआर घ्या. स्क्रीनवर २१:४० आणि मोबाइलवर २१:२३, म्हणजे डीव्हीआर १७ मिनिटं पुढे. हे दोन्ही आकडे एकाच फोटोत आले पाहिजेत. पुढे मोबाइल कंपनीच्या कॉल रेकॉर्डशी फुटेज ताडताना प्रत्येक वेळेतून ही १७ मिनिटं वजा करायची असतात. आणि फुटेज काढून होईपर्यंत डीव्हीआरचं घड्याळ ‘नीट’ करायचं नाही, कारण मग फरक किती होता हे दाखवायला काहीच उरत नाही. लॅपटॉपचं तसंच. आधी डिस्क काढायची, मग मशीन चालू करून बायॉसमधली (मशीनच्या मूळ सेटिंगमधली) तारीख-वेळ टिपायची. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते. तेही जसं दिसतं तसंच लिहायचं.

वेळेचा दुसरा घोळ फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचा. विंडोजची नेहमीची एनटीएफएस वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते, १ जानेवारी १६०१ पासूनच्या १०० नॅनोसेकंदांच्या मोजणीत. एफएटी३२ चा पेनड्राइव्ह मात्र स्थानिक वेळ जशीच्या तशी लिहितो, आणि फाइल बदलल्याची वेळ २-२ सेकंदांच्या टप्प्यांत. टूलने पेनड्राइव्हची वेळही यूटीसी समजून वर साडेपाच तास चढवले, की दुपारी १४:१० ला सेव्ह केलेली फाइल १९:४० ची होते. अहवालात असं एक जरी वाक्य गेलं तरी उलटतपासणीत बाकीच्या पानांवरचा विश्वास उडतो.

सरावासाठी तुम्ही अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची ती जुनी इमेज (डिस्कची बिट-न-बिट नक्कल) देता, २० सप्टेंबर २००४ ला बेवारस सापडलेल्या डेल लॅपटॉपची, ‘मिस्टर एव्हिल’ टोपणनावाच्या संशयिताची. गुन्हा काल्पनिक, पण डिस्कवरच्या खुणा अस्सल. तिथे पहिला प्रश्न टाइमझोनचाच. विंडोजच्या रजिस्ट्रीतली (सेटिंगच्या नोंदवहीतली) सिस्टिम हाइव्ह ही फाइल उघडायची, सिलेक्टमधला करंट आकडा पाहायचा, तो जो कंट्रोलसेट सांगेल त्यातली टाइमझोनइन्फर्मेशन वाचायची. उत्तर येतं अमेरिकेची मध्य उन्हाळी वेळ, यूटीसीच्या ५ तास मागे, आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तिथली रात्रीची ८ ची नोंद आपल्या वेळेत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिसते, म्हणजे तारीखच बदलते. घाईघाईने टूल उघडणाऱ्यांची टाइमलाइन इथेच चुकते. तुम्ही तेव्हा उत्तर सांगत नाही, रजिस्टरातला तो रकाना बोटाने दाखवता. ती सवय लावल्याबद्दल आभार.

आता इमेजिंग. राइट ब्लॉकर (डिस्क वाचू देणारं, पण तिच्यावर लिहू न देणारं उपकरण) ‘आहे’ म्हणून चालत नाही, तो ‘चालतो’ हे त्या दिवशी तपासायचं, हे तुमच्यामुळे अंगवळणी पडलं. सरावाची डिस्क आधी शून्यांनी पूर्ण पुसायची, फॉरमॅट करून दोन-चार फाइली टाकायच्या, हॅश काढायचा. मग ब्लॉकरमधून जोडून फाइल कॉपी करायचा, पुसायचा, फॉरमॅट करायचा प्रयत्न करायचा आणि शेवटी हॅश पुन्हा काढायचा. विंडोज कधीकधी कॉपी झाल्याचं दाखवतं, कारण फाइल कॅशमध्ये असते. डिस्क काढून परत जोडली की ती गायब. न पुसलेल्या पेनड्राइव्हवर सराव केला तर मागच्या बॅचचे फोटो कार्व्हिंगमध्ये (पुसलेल्या फाइली शोधून काढताना) वर येतात आणि निष्कर्षच बिघडतो. लिनक्सवर ‘फक्त वाचा’ म्हणून माउंट केलं तरी एक्स्ट४ या फाइल सिस्टिमची अर्धवट जर्नल (बदलांची नोंद) पुन्हा चालवली जाऊ शकते, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. म्हणून ‘आरओ’ (फक्त वाचा) सोबत ‘नोलोड’ (जर्नल चालवू नको) हवंच.

ई०१ प्रकारच्या इमेज फाइलवर हॅश काढायची साधी शा-२५६ ची कमांड चालवून ‘हॅश जुळत नाही’ म्हणून घाबरलेले विद्यार्थी दर वर्षी तुमच्याकडे येतात. ई०१ हा डबा आहे. त्यात दाबलेला डेटा, प्रकरणाची माहिती आणि तुकड्यातुकड्यांची तपासणीबेरीज असते. इमेज घेताना लिहिलेला हॅश आतल्या डिस्कचा असतो, डब्याचा नसतो. पडताळायचं तर ईडब्ल्यूएफ-व्हेरिफाय ही कमांड किंवा इमेज घेणाऱ्या टूलमधली पडताळणी चालवायची. खराब डिस्कला डीडी ही नक्कल काढायची कमांड लावताना ‘नोएरर’ (चूक आली तरी थांबू नको) लिहून ‘सिंक’ (न वाचलेली जागा शून्यांनी भर) विसरलं तर वाचता न आलेल्या जागेनंतरचं सगळं आपल्या जागेवरून अलीकडे सरकतं. ब्लॉक (एका वेळी वाचायचा तुकडा) ४ एमबीचा ठेवला तर एका सेक्टरपायी आजूबाजूचं वाचता येण्याजोगंही शून्यांखाली जातं. अशा डिस्कला डीडीरेस्क्यू बरं, कारण नकाशाची फाइल ठेवली की मध्येच लाइट गेली तरी काम तिथून पुढे चालू होतं. आणि वेळेचा हिशोब आधी करायचा: १ टीबीला सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तरी पावणेतीन तास, पडताळणीला तेवढेच. दुपारी चारला असं काम कोणी सुरू करू नये. लॅब सहाला बंद होते.

पण सगळ्यात मोठं ऋण मराठी मजकूर शोधण्याचं आहे. याबद्दल इंग्रजी पाठ्यपुस्तकांत काहीच मिळत नाही, आणि महाराष्ट्रातल्या प्रकरणांत ते रोज लागतं. ‘पैसे’ हा एक शब्द तुम्ही फळ्यावर दोन तऱ्हांनी लिहिता, म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायच्या दोन पद्धतींनी. यूटीएफ-८ मध्ये तो १२ बाइटचा: ई० ए४ एए, ई० ए५ ८८, ई० ए४ बी८, ई० ए५ ८७. यूटीएफ-१६ मध्ये ८ बाइटचा: २ए ०९ ४८ ०९ ३८ ०९ ४७ ०९. व्हॉट्सॲपच्या डेटाबेसमध्ये पहिलं रूप, विंडोजच्या फाइलनावांत आणि रजिस्ट्रीत दुसरं. एकाच रूपात शोधलं की निम्मा पुरावा हातचा जातो. फाइलमधला वाचण्याजोगा मजकूर काढणारी स्ट्रिंग्ज कमांड नुसती चालवली तर ती ॲस्की (साधी इंग्रजी) अक्षरंच उचलते, मराठीचं एक अक्षरही देत नाही, आणि विद्यार्थी ‘मराठी मजकूर नाही’ असं लिहून मोकळा होतो. फळ्यावर पाहिलं की कळतं, यूटीएफ-१६ मध्ये दर दुसरा बाइट ०९ आहे. हेक्समध्ये (बाइट आकड्यांत पाहताना) डोळ्यांनी मराठी ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण.

त्यापुढच्या अडचणी आणखी बारीक. ‘ॲडव्हान्स’ मधला ‘ॲ’ एकाच संकेतांकाचा असू शकतो, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन दोन संकेतांकांचा. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधाला वेगळे. जुन्या डीटीपीच्या मशीनवर श्रीलिपी किंवा कृतिदेवातला मजकूर सापडतो. तो युनिकोड नसतोच, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तिथे शब्द त्या फॉन्टच्या कीबोर्डने टाइप करून जी इंग्रजी अक्षरं येतील ती शोधायची. आणि लोक मोबाइलवर निम्मं मराठी रोमन लिपीत लिहितात, एकाच ‘पाठव’ची चार स्पेलिंगं. तुमची शब्दयादी म्हणून चार रकान्यांची असते: युनिकोड, पर्यायी युनिकोड, जुना फॉन्ट, रोमन.

याच धड्यातली एक गोष्ट अगदी जवळून बघण्यासारखी. लहान मजकूर फाइल एनटीएफएसमध्ये वेगळ्या क्लस्टरमध्ये (डिस्कवरच्या स्वतंत्र जागेत) जात नाही, एमएफटी या फाइलींच्या मुख्य यादीतल्या नोंदीतच राहते. नोंद १०२४ बाइटची, सुरुवात ४६ ४९ ४सी ४५, म्हणजे ‘फाइल’ या इंग्रजी शब्दाची चार अक्षरं. अशी मराठी चिठ्ठी हेक्समधून जशीच्या तशी उचलली की मध्येच एखादं अक्षर फुटलेलं निघतं. डिस्क खराब नसते. एनटीएफएस नोंदीच्या प्रत्येक ५१२ बाइटांतले शेवटचे दोन बाइट काढून तिथे एक खुणेचा आकडा ठेवतं आणि मूळ बाइट नोंदीच्या सुरुवातीच्या एका छोट्या यादीत जपतं. नोंद अर्धवट लिहिली गेली तर लक्षात यावं, यासाठी ही सोय. चौथ्या-पाचव्या बाइटवर यादीची जागा मिळते. तिथला पहिला आकडा ५१० आणि ५११ व्या बाइटांशी ताडायचा, जुळला की यादीतले मूळ दोन बाइट तिथे परत बसवायचे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं, म्हणून दोन बाइट बदलले की ते हमखास फुटतं. इंग्रजी मजकुरात ही चूक नजरेतून सुटते, मराठीत ती आरडाओरडा करते. टूल हे सगळं आपोआप करतं, पण साक्षीच्या पिंजऱ्यात ‘टूलने केलं’ हे उत्तर होत नाही.

फोन आणि रॅमचं थोडक्यात. चालू मशीनवर आधी रॅम, कारण बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) किल्ली तिथेच असते आणि प्लग काढला की जाते. चालू स्थितीत मिळालेला फोन बंद करायचा नाही. सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत ठेवताना आत पॉवर बँक जोडायची, कारण सिग्नल शोधता शोधता बॅटरी भराभर उतरते. नवे आयफोन तीन दिवस अनलॉक झाले नाहीत तर स्वतःच रीस्टार्ट होतात, तेव्हा ‘सोमवारी बघू’ चालत नाही. व्हॉट्सॲपचा डेटाबेस उचलताना शेजारची ‘वॉल’ फाइलही उचलायची. ताजे मेसेज बऱ्याचदा तिच्यातच असतात, आणि मूळ प्रत साध्या व्ह्यूअरमध्ये उघडली की ती मुख्य फाइलमध्ये मिसळून नाहीशी होते. एसएसडीवर ट्रिम झालेला (पुसल्यावर मोकळा म्हणून खूण केलेला) डेटा परत येत नाही, आणि वीज मिळाली की ब्लॉकर लावलेला असतानाही डिस्क आतून सफाई करतच राहते.

प्रमाणपत्राचा सराव मात्र तुम्ही अभ्यासक्रमात नसताना करून घेतलात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातला नमुना दोन भागांचा, पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश व तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहायचं. वर्गात आधीच्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चा निकाल पाठ होतो. तुम्ही तो जालन्याचा म्हणून शिकवता. २०१४ ची विधानसभा निवडणूक, उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत आले की नंतर हा प्रश्न, निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण, आणि मागूनही न मिळालेलं प्रमाणपत्र. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, १४ जुलै २०२०. सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं, पण पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही अधिकारी देतच नसतील तर त्याचा भुर्दंड त्याच्यावर टाकला नाही. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर करून साक्षीत सिद्ध केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. सगळा वाद दुपारच्या ३ वाजण्याभोवतीचा, आणि हे वाचून झालं की तुम्ही विचारता, ‘तुमच्या अहवालात घड्याळातला फरक कुठल्या पानावर आहे?’

ताई, या विषयात नोकरीच्या जाहिराती टूलची नावं मागतात, आणि विद्यार्थी ती नावं जमवत बसतात. तुमच्याकडून लिहून ठेवायला शिकलो. त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत, तरी मानतो. तुमची बढती रखडली आहे हे सगळ्यांना माहीत आहे. विभागाकडे आमच्या सह्यांचं निवेदन स्वतंत्रपणे दिलं आहे.

रजिस्टरचं जुनं पुस्तक भरत आलंय. २०० पानांची दोन नवी पुस्तकं, रकाने आखून आणि पानांवर क्रमांक छापून, सोमवारी तुमच्या टेबलावर येतील. ‘घड्याळातला फरक’ हा रकाना या वेळी थोडा रुंद ठेवला आहे, कारण फरक कोणत्या घड्याळाशी ताडला हेही तिथेच लिहावं असं तुम्हीच म्हणाला होतात.

आपले कृतज्ञ,
एम.एस्सी. डिजिटल फॉरेन्सिक्सच्या दोन्ही वर्षांचे विद्यार्थी