ते घर १९०१ सालीच जळालं!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड गावी चित्रकार फ्रीडरिशच्या जन्मस्थानी लावलेल्या पाटीवरचा लेख वाचला. त्याच दिवशी पत्र लिहिलं असतं तर ते आपण छापलं नसतं, म्हणून सोमवार उजाडू दिला.

लेखकमहाशय पाटीसमोर उभे राहिले, त्यांचा कंठ दाटून आला, याच भिंतींनी त्या बाळाचं पहिलं रडणं ऐकलं, वगैरे वगैरे. त्या भिंतींनी काहीही ऐकलेलं नाही. कास्पार डाव्हीड फ्रीडरिश ५ सप्टेंबर १७७४ रोजी लांगे श्ट्रासेवरच्या ज्या घरात जन्मला, ते घर १९०१ साली आगीत गेलं. आज दिसते ती इमारत नंतरची. जुनं काही बघायचंच असेल तर वडिलांचा साबण-मेणबत्त्यांचा कारखाना होता तो भाग बघावा, तिथे आता फ्रीडरिशच्या नावाचं केंद्र आहे. लेखात त्याची बोळवण ‘शेजारी एक छोटं म्युझियम’ एवढ्यावर! दहा भावंडांतला हा सहावा. सातव्या वर्षी आई गेली, तेराव्या वर्षी पायाखालचा बर्फ फुटून भाऊ डोळ्यांदेखत बुडाला. इतकं सगळं हाताशी असताना भिंतींकडून साक्ष कशाला काढायची?

माझा राग जुना आहे, तेही सांगून टाकतो. एका सहल कंपनीबरोबर (नाव घेत नाही, त्यांची जाहिरात आपल्याकडेच असते) मी या गावी गेलो होतो. सहलीचं नाव ‘कलातीर्थ जर्मनी’. छापील कार्यक्रमात एल्डेना मठाचे अवशेष ठळक अक्षरांत होते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्या पडक्या कमानी फ्रीडरिशच्या चित्रांतून मुलांना दाखवल्या; केवळ त्यांच्यासाठी पैसे भरले होते. प्रत्यक्षात काय झालं? पाटीखाली गटाचा फोटो झाला, आमच्या मार्गदर्शकाने ‘याच माडीवर जन्म झाला बरं का’ असं ठोकून दिलं, आणि एका आजींनी पायातले बूट काढून उंबऱ्याला नमस्कार केला. मी हळूच म्हटलं, ‘अरे बाबा, ते घर जळालं.’ तर म्हणतो, ‘काका, ग्रुपचा मूड घालवू नका ना.’ मग ऱ्यूगेन बेटावरचे खडूचे कडे गाठायला उशीर होतोय म्हणून एल्डेना रद्द. गावाच्याच हद्दीतलं ठिकाण! पैसे परत मागितले तर बसमध्ये एकेक चॉकलेट वाटलं. आता तीच माडी आपल्या पुरवणीत आल्यावर माझं काय झालं असेल, याची कल्पना करा.

आणि शेवटी ते नेहमीचं पालुपद: जर्मन माणूस वारसा कसा जपतो बघा, नाहीतर आपण! आपल्याकडची अनास्था मला नवी नाही, पण उदाहरण तरी धड निवडा. १८४० मध्ये ड्रेस्डेनला फ्रीडरिश वारला तेव्हाच लोक त्याला विसरत चालले होते आणि पुढची पन्नासेक वर्षं त्याचं नाव फारसं कोणी घेत नव्हतं. त्याला पुन्हा उजेडात आणणारा आंद्रेआस आउबर्ट हा अभ्यासक नॉर्वेचा. १९०६ च्या बर्लिनमधल्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं एकत्र लागली, तेव्हा कुठे जर्मनांचे डोळे उघडले. म्हणजे घर जळालं तेव्हा आपण कोणाचं घर गमावलं, हे गावातल्या किती जणांना कळलं असेल? एल्डेनाच्या विटाही स्वीडिश अमदानीत तटबंदीसाठी काढून नेल्या होत्या. (हो, फ्रीडरिश जन्मला तेव्हा ते गाव स्वीडनच्या राजाचं होतं. लेखात याचा पत्ता नाही.) पुढे नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं, तेही वारसा जपण्यातच धरायचं का?

आता विषय निघालाच आहे तर लेखाबरोबरच्या चित्राबद्दल. ‘धुक्याच्या सागरावरचा प्रवासी’ हे हॅम्बुर्गच्या संग्रहालयातलं चित्र आपण छापलंत, आभार. पण त्यातलं धुकं कुठे गेलं? वरून आकाश कापलं, दोन्ही बाजूंचे डोंगर कापले, खाली खडकाच्या जागी दोन बीएचके फ्लॅटची जाहिरात बसवली. उरला एक पाठमोरा कोट. तो माणूस बिल्डरच्या साइटवर ताबा मिळायची वाट बघतोय असं वाटत होतं. सौ. ना मी आधी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी ते सगळं जाहिरातच समजून पान उलटलं.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पहिल्या पानाच्या त्या जाहिरातींच्या वेष्टनावर छापू नये. ते आम्ही न वाचता रद्दीत टाकतो.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, मिरज